फळीवरचं वर्तुळ

थॉमसिन बाऊडन ही इंग्लंडातल्या क्रेडिटन गावच्या बाजारातली चीजवाली. नवरा वारला तेव्हा तो खरंच वारलाय ना, हे तिने तीनदा चिमटा काढून पाहिलं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, काहीही म्हणतात. पण बाई संशयी, हे खरं.

तिला तरी दोष काय द्यायचा? त्या काळी चांदीची नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली, कडा मुळातच वेड्यावाकड्या. कुणी कात्रीने नखभर चांदी कातरून घेतली तरी पत्ता लागत नसे. म्हणून थॉमसिनने लोण्याच्या फळीवर पुऱ्या शिलिंगाच्या नाण्याएवढं वर्तुळ कोरलं होतं. नाणं आधी दगडावर वाजवायचं, मग वर्तुळात ठेवायचं. कमी भरलं की चीज परत टोपलीत.

एका मंगळवारी शेजारचा विणकर अँब्रोज टकर याचा शिलिंग कमी भरला.

"कातऱ्या मेल्या!" ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली.

"अगं बाई, मला मिळाला तसा दिला!"

"चोर तरी दुसरं काय सांगतो?"

नाणं कातरणं म्हणजे राजद्रोह. पुरुषाला फास, बाईला जिवंत जाळणं. हवालदार पिकार्ड लगेच हजर झाला. अँब्रोजच्या घरात त्याला मागाचे धोटे आणि उंदीर सापडले. मग, आलोच आहोत तर, म्हणून तो थॉमसिनकडे शिरला. तिथे चीजची फडकी कापायची कात्री, छोटा तराजू आणि ती फळी.

"हे वर्तुळ कशाला, बाई? इथवर कातरायचं, याची खूण?"

"पुरी नाणी ओळखायला!"

"म्हणजे पुरीच घेतेस. कातरायला पुरीच तर लागतात!"

थॉमसिन दाराकडे वळली, तर दारात अँब्रोज. आता हा मेला सूड उगवणार, तिने ताडलं.

"हवालदारसाहेब," अँब्रोज म्हणाला, "ती घेते काय ते पाहिलंत, देते काय तेही पाहा. गेल्या आठवड्यात माझ्याकडून कापड नेलं, त्याचा हा." त्याने खिशातला शिलिंग वर्तुळात ठेवला. तंतोतंत बसला, कडेचं एकूण एक अक्षर शाबूत. "कातरणारी बाई असला शिलिंग हातचा सोडेल?"

पिकार्डने हातातली कात्री खाली ठेवली आणि त्या शिलिंगाकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघून निघून गेला.

थॉमसिनने टोपलीतलं सगळ्यात मोठं चीज अँब्रोजच्या हातात ठेवलं. डोळ्यांत चक्क पाणी होतं. ते पुसता पुसता ती थबकली.

"काय रे अँब्रोज, हा पुरा शिलिंग आठवडाभर उराशी धरून बसलास, आणि मला तो कातरलेला देत होतास! कशासाठी ठेवला होतास रे हा?"