बाईंच्या बागेतली मराठी पाटी

परदेशातल्या तळ्याकाठच्या त्या लहानशा गावात येऊन चष्मेवाल्यांना सव्वीस वर्षं झाली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, वाकलेल्या दांड्या सरळ करायच्या, हा त्यांचा धंदा. गावातल्या निम्म्या लोकांना उरलेलं निम्मं गाव त्यांच्यामुळेच दिसायचं. बस दोन मिनिटं उशिरा आली की तेही गावकऱ्यांसारखेच घड्याळ बघून चुकचुकायचे. लोक त्यांना ‘आमचे चष्मेवाले’ म्हणत, आणि त्यांना ते मनातून फार आवडायचं.

मग कुणीतरी तळ्यावरच्या लाकडी पुलाचा व्हिडिओ टाकला आणि आपल्याकडच्या सहलींच्या बसगाड्या गावात येऊ लागल्या.

पहिली बस आली तेव्हा रस्त्यावरून आवाज आला, “अगं, माझी टोपी कुणाकडे आहे?” चष्मेवाले हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट बाहेर धावले.

“तुम्ही कुठले?” त्यांनी विचारलं.

“अरे वा, मराठी!” एक गृहस्थ म्हणाले. “इथे टॉयलेट कुठे आहे हो?”

चष्मेवाल्यांनी प्रेमाने दुकानातलंच दाखवलं. मागोमाग अडतीस जणांनी त्या प्रेमाचा लाभ घेतला.

पुढे दिवसाआड बस येऊ लागली. पुलाच्या कठड्यावर टॉवेल वाळू लागले. चौकातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर पाय धुतले जाऊ लागले. गावकरी आधी हसले, मग गप्प झाले आणि मग चष्मेवाल्यांच्या दुकानात येऊन सांगू लागले, “तुमची माणसं नळावर पाय धुताहेत.” ‘आमचे चष्मेवाले’ राहिले बाजूला. नवा बसचालक तर एकदा त्यांच्याशीच मोठ्याने, शब्द तोडून बोलला, “तिकीट. आहे. का?” खिशात वर्षाचा पास होता. तो त्यांनी काढून, नाव दिसेल असा समोर धरला.

सगळ्यांत जास्त त्रास झाला शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना. त्यांचं घर बसथांब्याजवळच्या वळणावर. पुढे गुलाबाचे वाफे, एक झोपाळा आणि कमरेएवढं कुंपण. फाटकाला कडी नव्हती, कारण आजवर तिची गरजच पडली नव्हती. लोक आत शिरून फोटो काढायचे, आणि वर निघताना बाईंना हातही करायचे.

नगरपालिकेची कारकून कागद घेऊन आली. “आत येऊ नका, एवढं तुमच्या भाषेत लिहून द्या. आमच्या मशीनवर तुमची जोडाक्षरं फुटतात, तेव्हा हातानेच लिहा. रंगारी तसंच्या तसं गिरवेल.”

चष्मेवाल्यांनी दोन दिवस घेतले. लिहिलं ते असं: ‘कृपया या बागेत शिरू नये. ही खाजगी जागा आहे. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’

बायकोने वाचलं. “लग्नपत्रिका झाली ही. आहेर आणू नये, तेवढं राहिलं.”

“आपल्याच माणसांवर ओरडायचं का?”

“ओरडू नका. पण बोलावू तरी नका!”

पाटी गुलाबाच्या दोन वाफ्यांच्या मधोमध लागली. पुढच्या बसमधून कुणीतरी ओरडलं, “अगं बाई, मराठी पाटी!” बस थांबली. परदेशात मराठी अक्षरं पाहून लोकांना भरून आलं. कुंपणाबाहेरून फोटो नीट येत नव्हता, म्हणून सगळे आत शिरले. एका आजोबांनी पाटीला हात जोडले. दुसऱ्यांनी पेन काढून ‘खाजगी’चं ‘खासगी’ केलं, आणि त्यावरून तिथेच, वाफ्यात उभं राहून, पंधरा मिनिटं वाद रंगला.

सुट्टीच्या दिवशी चष्मेवाले स्वतः फाटकाशी उभे राहिले. “काका, पाटीवर काय लिहिलंय ते वाचलंत का?”

“वाचलं की! फार सुंदर भाषा आहे,” काका म्हणाले. “पण तुम्ही आपल्याच माणसांना अडवता? म्हणूनच आपण मागे.” आणि त्यांनी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनाही फोटोत घेतलं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. “चष्मेवाले, आज तुमची माणसं माझ्या झोपाळ्यावर बसली आहेत. एक बाई फूल तोडते आहे. या.”

अर्धी घासलेली काच तशीच टाकून, अंगातल्या ॲप्रनसकट ते निघाले. वाटेत चार खरमरीत वाक्यं तयार केली. आज भीडभाड ठेवायची नाही. फाटक ढकललं तोच हाक आली, “आला बघा माझा भाऊ!”

थोरली ताई. केसात बाईंचा गुलाब. झोपाळ्यावर भावोजी, बुटांसकट पाय वर.

“तू... तुम्ही तर रविवारी येणार होतात!”

“सरप्राइज! बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, ही पाटी माझ्या भावाची.”

“अक्षर बघताक्षणी ओळखलं,” भावोजी म्हणाले. “‘र’ला अजून तसंच शेपूट काढतोस.”

तयार केलेली चारही वाक्यं वाया गेली. परक्याला झापता येतं. बहिणीच्या नवऱ्याला बुटावरून कसं झापणार?

एवढ्यात बाई दारात आल्या. चष्मेवाले खाली मान घालून म्हणाले, “बाई, ही माझी बहीण. ही... माझीच माणसं.”

बाई म्हणाल्या, “मी सांगते ते त्यांना सांगा. तुम्ही या गावात आलात त्या वर्षी रोज सकाळी बस पकडायला या फाटकातून शिरायचात आणि त्या कुंपणावरून उडी मारून जायचात. मी ‘आत येऊ नका’ अशी पाटी लावली. तुम्ही त्या पाटीशेजारून जाताना मला नमस्कार करायचात. तुम्हाला आमची भाषा वाचता येत नाही, हे मला महिन्याने कळलं. म्हणून तर शिकवायला घेतलं.”

“काय म्हणताहेत?” ताईने विचारलं.

“म्हणताहेत, बाग आवडली का.”

बाईंची उभी हयात मुलांच्या थापा ओळखण्यात गेली होती. त्या म्हणाल्या, “पूर्ण सांगा.”

चष्मेवाल्यांनी पूर्ण सांगितलं. ताई आधी खो खो हसली, मग तिचा हात केसांकडे गेला. गुलाब काढला खरा, पण तो आता ठेवायचा कुठे, ते तिला कळेना. बाईंनी आतून पेलाभर पाणी आणून तिच्यापुढे धरलं. भावोजी झोपाळ्यावरून उतरले आणि मुकाट्याने रुमालाने गादी झटकू लागले.

ताई गेल्यावर चष्मेवाले नगरपालिकेत गेले. “ती पाटी बस उभ्या राहतात त्या मैदानात हलवा.”

“पण तिथे बाग नाहीये,” कारकून म्हणाली.

“म्हणूनच.”

आता बस थांबते, लोक उतरतात, पाटीशी फोटो काढतात. ‘खाजगी’ की ‘खासगी’ हा वादही रंगतो. तेवढ्यात वेळ संपते आणि गाईड शिट्टी मारतो. तिथली सूचना आजवर एकाही माणसाने मोडलेली नाही.

बाईंचे गुलाब परत बहरले आहेत. परवा चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला त्या दुकानात आल्या होत्या.

“हल्ली बागेत अगदीच कुणी येत नाही,” त्या म्हणाल्या.

ही तक्रार होती की समाधान, हे विचारायचं धाडस काही चष्मेवाल्यांना झालं नाही.