खाडी मोजणाऱ्याचं नाव

मयेकर काका कुठल्याही पाण्याकाठी गेले की आधी खिशातून दोरी काढत. दोरीला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला शिशाचं वजन. सनीव्हेलच्या बागेतल्या तळ्यातसुद्धा त्यांनी ती सोडली होती आणि त्यांचा मुलगा मिलिंद "बाबा, प्लीज, लोक बघतायत!" म्हणत गाडीत जाऊन बसला होता. रत्नागिरीच्या बंदर खात्यात पस्तीस वर्षं काकांनी होडीतून पाण्याची खोली मोजली. २००२च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत मुलाकडे आले. मी त्यांच्याच खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी नागपूरचा, समुद्राशी माझा काय संबंध? पण शनिवारी त्यांना फिरवायला मोकळा सापडायचो तो मीच.

असंच एकदा सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका लहानशा सरकारी संग्रहालयात गेलो. तिथे खाडीचा पहिला नकाशा लावला होता. त्यावरचे खोलीचे आकडे बघत काका तासभर उभे. खालच्या पाटीवर स्पॅनिश कप्तानाचं नाव होतं. काकांना ते पटेना. लायब्ररीतून पुस्तकं आणून माझ्याकडून वाचून घेऊ लागले, आणि सापडलं! कप्तान पायाला गोळी लागून जहाजावर पडून होता. होडी घेऊन खाडी मोजली ती त्याच्या हाताखालच्या पायलटने, म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्याने.

"बघितलंस? साहेब केबिनमध्ये आडवा, आणि नाव साहेबाचं! अरे मेल्या, माझेही पस्तीस वर्षांचे नकाशे आहेत. एकावर तरी माझी सही दाखव."

त्यांनी पत्र सांगितलं, मी इंग्रजीत टाइप केलं. पाटीवर पायलटचं नाव घाला, मागणी एवढीच. "तुझ्या नावाने पाठव. मी काय, पाहुणा."

आणि माझी तंतरली. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला, ऑफिसात दर शुक्रवारी कुणाला तरी नारळ मिळत होता, आणि आदल्या वर्षी ते टॉवर पडल्यापासून आमच्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाने सरकारकडे तक्रार करायची? नको रे बाबा! पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि काकांना सांगितलं, "पोस्ट केलं."

मग रोज दुपारी काका टपालपेटीपाशी. संध्याकाळी मला विचारत, "तुझ्याकडे आलं काही?"

"नाही काका."

"येईल. सरकारी काम आहे. आमच्याकडे तर फाइल चहा प्यायल्याशिवाय उठायची नाही."

मी हसायचो. लाज वाटत नव्हती असं नाही. रोज ठरवायचो, उद्या खरं सांगू. नाही सांगितलं.

ऑगस्टमधलं परतीचं तिकीट त्यांनी पुढे ढकललं. मिलिंद चिडला, पण काका ऐकेनात. "नवी पाटी बघतो आणि जातो," म्हणाले. सप्टेंबर संपता संपता एका सकाळी अंघोळ करून बाहेर आले, छातीत कळ आली आणि खाली बसले. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. इथल्या दहनगृहात आम्ही पाच जण होतो. काकू रत्नागिरीलाच होत्या; त्यांना एवढ्या घाईत व्हिसा मिळाला नाही.

दहाव्याच्या दिवशी मी त्या पत्राखाली 'ही चूक माझ्या शेजारच्या काकांच्या लक्षात आली' एवढं लिहिलं आणि ते माझ्या नावाने पोस्टात टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं. चूक दाखवल्याबद्दल आभार, नवी पाटी करायला दिली आहे, ज्या गृहस्थांच्या हे लक्षात आलं त्यांना जरूर घेऊन या.

आठ दिवस! मिलिंदला ते दाखवलं तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मग मी रत्नागिरीला काकूंना फोन लावला. पत्र कधी लिहिलं, कधी टाकलं, मधल्या काळात काय थापा मारल्या, सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मी त्यांना गणपतीला या म्हणत होते हो."

आणि फोन ठेवला.