रावेर ते साक्री, एकविसाव्या पुस्तकासाठी

माझी नात सोनल इंटरनेटवर प्रवासाचं लिहिते. कुठे उतरावं, काय खावं, कोणती गाडी धरावी. मला म्हणाली, आजी, तू पण एक लिही. मी चौथी नापास. माझे प्रवास सगळे लग्नाचे नाहीतर मयतीचे. पण एकदा मी नुसत्या एका पुस्तकासाठी गेले होते, तेही मला वाचता न येणाऱ्या. तो प्रवास लिहिते. एकोणीसशे नव्वदच्या आसपासचा आहे, म्हणून गाड्यांच्या वेळा माझ्या भरवशावर धरू नका. रस्ते तेच आहेत.

माझा मुलगा सुधाकर जहाजावर कामाला होता. जपानच्या बंदरातून त्याने एका सुट्टीत चित्रांच्या गोष्टीची एकवीस पुस्तकं आणली, ट्रंकेत टाकली आणि परत गेला. एकवीस पुस्तकांची मिळून एकच गोष्ट. अक्षरं अशी, जशी कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरली. पण चित्रं बोलकी. एक घोडेवाला, तलवारी, बर्फ, जळणारी गावं, आणि डोंगराखालच्या घरात त्याची आई. क्रम मी लावला. एका पुस्तकाचं शेवटचं चित्र दुसऱ्याच्या पहिल्याशी जुळवत पंधरा दिवस बसले आणि पेन्सिलीने एक ते एकवीस आकडे टाकले.

मग दुपारी गल्लीतल्या बाया पापड लाटायला आल्या की मी पानं उलटत गोष्ट सांगायची. पहिल्या पुस्तकात घोडेवाला बर्फात पडलेला. तो उठतो, चालायला लागतो, एकेक लढाई मागे टाकतो, कुठे कुठे चित्र जुळत नसे तिथे मी पदरचं घालायची. एकविसाव्यात तो घरी पोचतो. दारात आई, दोघांच्या हातांत मिळून एक गाठोडं. बघा बायांनो, आईसाठी काय काय आणलंय, असं मी म्हटलं की लाटणी थांबायची आणि पदर डोळ्याला लागायचे. अख्खी गोष्ट पाच वेळा झाली. पाचही वेळा रडल्या. पानांवर उडदाच्या पिठाचे ठसे अजून आहेत.

पुढे सुधाकर कुठल्याशा बंदरावर उतरला आणि जहाजावर परत चढलाच नाही. जहाजवाल्यांचं एक पत्र आलं, मग काहीच नाही. त्यानंतर मी एकविसावं पुस्तक रोज उघडायची.

सून सुमन तीन वर्षं थांबली. चौथ्या वर्षी मी तिला म्हटलं, घरात तुझं हे तोंड असताना कोण परत येईल? बोलायला नको होतं, पण बोलले. ती सहा वर्षांच्या सोनलला घेऊन साक्रीकडे माहेरी गेली. गळ्यातलं डोरलं ठेवून गेली, भांडी ठेवून गेली, एकविसावं पुस्तक घेऊन गेली. हे मला भर पापडांत कळलं. ट्रंकेत वीसच.

सहा महिने मी बायांना शेवट तोंडी सांगितला. एक दिवस शेजारची म्हणाली, "अक्का, काल म्हणालीस त्याच्या उजव्या हातात गाठोडं, आज म्हणतेस डाव्या." मलाही आठवेना. दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन भाकरी टाकल्या आणि निघाले.

रावेरहून सकाळची पहिली एसटी धरा. सावदा, फैजपूर, भुसावळ करत जळगाव. केळीचे ट्रक पुढे लागले की गाडी बैलाच्या चालीने जाते, वैतागू नका, ड्रायव्हरही वैतागत नाही. जळगावला भरीत जरूर खा, पण स्टँडसमोरचं नको, त्यात वांगं शोधावं लागतं. तिथून धुळ्याची गाडी, एरंडोल, पारोळा करत. थंडीचे दिवस असतील तर डाव्या हाताला बसा, ऊन मिळतं.

शेजारी एक कापसाचा व्यापारी बसला होता. त्याला गप्प बसवेना.

"कुठे निघाल्या अक्का?"

"साक्रीकडे. सुनेच्या माहेरी."

"आणायला का तिला?"

"पुस्तक आणायला."

"आणि सून?"

"पुस्तक उलटून बोलत नाही."

पारोळ्यापर्यंत हसत होता. उतरताना मला एक पेरू देऊन गेला. कच्चा निघाला.

धुळ्याच्या स्टँडवर धूळ आणि मिरचीची भजी, दोन्ही भरपूर. भजी गरम असतील तरच घ्या. साक्रीची गाडी कुसुंबा, नेरवरून जाते. साक्रीला त्या दिवशी बाजार होता, म्हणून पुढच्या गावाला जीप मिळाली, त्यात दोन शेळ्या आणि अकरा माणसं. शेळ्यांना जागा चांगली होती.

सुमन अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या आणला, पाया पडली. या म्हणाली नाही.

"पुस्तक दे," मी म्हटलं. "चारची परतीची जीप आहे."

तिचा भाऊ, नाना, आतून आला. "आधी जेवा अक्का. मग आमचं बी एक काम शे तुमच्याकडे."

नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा. डाळ चांगली होती, मी तसं म्हटलं नाही. सोनल ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती. हात धुतले तसं नानाने गवताची एक वाळकी काडी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. मला कळलं. आमच्या लोकांत सोडचिठ्ठी अशीच होते, पंचांसमोर नवऱ्याने काडी मोडायची, मग बाई मोकळी. नवरा हजर नसेल तर त्याच्या घरच्याने मोडायची. त्याशिवाय बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत नाही.

"पिंपळनेरचा माणूस आहे," नाना म्हणाला. "बायको गेली त्याची. शेती आहे. पोरीलाही घ्यायला तयार आहे. निरोप धाडला तर पंच आज संध्याकाळीच बसतील."

"माझा मुलगा जिवंत आहे."

"बठ्ठं गाव जानस अक्का, तो येवाव नही."

"तुझं सगळं गाव गेलंय कधी समुद्रावर? सुमन, एकविसावं पुस्तक आण."

तिने आणलं. कापडात गुंडाळलेलं. माझ्या हातात देण्याआधी तिने ते पालथं केलं आणि जिथे आपलं पुस्तक संपतं तिथून उघडलं.

"हे एकविसावं नाही, आत्याबाई. हे पहिलं. तिकडची पुस्तकं अशी, या बाजूने वाचतात. तो घरी येत नाही. घरून निघतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. शेवटच्या सुट्टीत तुम्ही बायांना गोष्ट सांगत होता ते दारातून ऐकत होते. मला म्हणाले, आईला कळू देऊ नको. तिने लावलेला क्रमच चांगला आहे."

मी विचारलं, "मग नेलंस कशाला?"

"एवढ्या एकातच तो घरात दिसतो," ती म्हणाली.

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि उठले. काडी ताटाशेजारीच राहिली. नाना जीपपर्यंत मागे आला, "अक्का, तिचं वय जातंय, एवढी काडी," असं दोनदा म्हणाला. मी जीपवाल्याला विचारलं, निघतोस की जेवायला बसतोस. सोनल आता म्हणते, आजी, तू मागे वळून बघितलं नाहीस. बघितलं होतं. सुमन पुन्हा नागली पाखडायला बसली होती.

धुळ्याला मामेबहिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत पुस्तक त्या बाजूने उघडलं. गाठोडं तेच, हात तेच. फक्त आता देणारी आई होती. सुधाकर शेवटचा निघाला तेव्हा मी त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून देत होते. तो म्हणाला, "आई, जहाजावर जेवण असतं." मी जबरदस्तीने कोंबल्या. एरंडोल कधी गेलं कळलं नाही.

घरी येऊन आठ दिवस दार लोटून एकवीसही पुस्तकं त्यांच्या क्रमाने बघितली. तो निघतो. प्रत्येक पुस्तकात घर लहान होत जातं, मग दिसतच नाही. शेवटी बर्फात पडतो. उठत नाही. त्याच्या आईला हे कुणी कळवतं असं एकही चित्र नाही. त्या कागद काळे करणाऱ्या जपान्याला काय माहीत होतं कोण जाणे.

नवव्या दिवशी परसातल्या तुरीची एक काडी घेतली आणि मोडली. दोन तुकडे आणि ते गाठोड्याचं पुस्तक एका पुडक्यात बांधून सुमनकडे टपालाने पाठवलं. पंच समोर नव्हते, तरी त्यांनी ते मानलं. सोबत दोन ओळी लिहिता आल्या असत्या, तेवढं मराठी मला येतं. लिहिल्या नाहीत. सुमनने पाट लावला, तिला पुढे दोन मुलं झाली. माझ्या घरी ती परत आली नाही. सोनल येते.

गल्लीतल्या बायांना मी गोष्ट माझ्याच क्रमाने सांगत राहिले, शेवट तोंडी. कुणाचा मुलगा सुरतेला, कुणाचा मुंबईला. त्यांना कोणत्या तोंडाने दुसरी बाजू दाखवू? त्या रडून घरी जायच्या, मी एकटी पिठाचे हात धुवायची.

सोनल सांगते, ती गोष्ट आता इंग्रजीत मिळते, जगभरचे लोक अजून तिच्यापायी रडतात. सोनलच्या मुलीने मोबाइलवर वाचली आणि दोन दिवस जेवली नाही. सोनल म्हणाली, चित्रांतली माणसं काय बोलतात ते तुला वाचून दाखवते. मी नको म्हटलं. गाठोडं देताना ती बाई काय बोलली असेल ते मला माहीत आहे, मीही तेच बोलले होते, आणि त्याचा उपयोग झाला नाही.

पहिलं पुस्तक सुमनकडेच आहे. माझ्याकडची वीस कुठल्याही बाजूने उघडा, तो रस्त्यावरच असतो.