दुसऱ्याच्या काविळीवर जळणारा

माणूस शेजाऱ्याच्या घरावर जळतो, गाडीवर जळतो, भावाच्या नशिबावर जळतो. आमचा न्हावी दुसऱ्याच्या काविळीवर जळायचा.

चौकात त्याचं सलून. हात हलका, जीभ धारदार. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्याची अब्रूही थोडी कापायचा, तरी लोक त्याच्याकडंच येत. मग त्याचं लिव्हर बिघडलं. पोट घागरीसारखं फुगलं. दुसऱ्याचं लिव्हर बसवल्याशिवाय इलाज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. लिव्हरसाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव गेलं आणि न्हावी इस्पितळातल्या दोन खाटांच्या खोलीत येऊन पडला.

शेजारच्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर. तोच आजार, तोच रक्तगट. म्हणजे एखादं लिव्हर आलंच, तर ते दोघांपैकी एकाचं.

त्या यादीची रीत उफराटी होती. आधी आला म्हणून कुणी वर नाही. जो जास्त आजारी, तो वर. त्यामुळं न्हावी रोज सकाळी हातआरशात पापणी खाली ओढून डोळ्याचा रंग बघे, मग ड्रायव्हरच्या डोळ्यांकडं चोरून बघे.

"त्याचा पिवळा माझ्यापेक्षा गडद वाटतो," तो बायकोला कुजबुजला.

"लोकांच्या काविळीवर जळणारा माणूस पहिल्यांदा बघतेय," बायको म्हणाली. "गप पडा जरा."

ड्रायव्हरच्या पायाला सूज आली की याला झोप लागत नसे. एरवी दोघांचं बरं जमायचं. या आजारात अंगाला खाज फार, आणि दाढी वाढली की ड्रायव्हर गाल ओरबाडून काढी. पातं लागलं तर रक्त थांबायचं नाही, म्हणून न्हाव्यानं दुकानातलं दाढीचं मशीन मागवलं आणि तो आठवड्याला ड्रायव्हरची दाढी बारीक करून देऊ लागला. काम चालू असतानाही नजर त्याच्या डोळ्यांवर.

शेवटी रक्ताच्या तपासणीत न्हाव्याचेच आकडे वर गेले. यादीत तो पहिला. त्या दिवशी बिनसाखरेचा चहाही त्याला गोड लागला.

आणि त्याला ताप भरला. पोटातलं पाणी तपासलं, तर त्यात जंतू. साधे नव्हेत, औषधांना भीक न घालणारे.

"आधीच्या तापांना दोन-तीन गोळ्या खाऊन सोडून द्यायचात ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर इस्पितळातलं हे राहणं. जे जंतू औषधं खाऊन जगले, ते पैलवान झाले. हे पोटात असताना नवं लिव्हर बसवलं तर ते टिकणार नाही, तुम्हीही टिकणार नाही. जंतू जाईपर्यंत तुमचं नाव बाजूला. आणि हे हातावरून पसरतात. कुणाला हात लावायचा नाही. ड्रायव्हरला तर मुळीच नाही, त्याला लागण झाली तर त्याचंही नाव थांबेल."

न्हाव्याला टोकाच्या खोलीत एकटं ठेवलं. दारावर लाल पाटी. बायकोसुद्धा झगा नि हातमोजे घालून आत यायची. यादीत पहिला आता ड्रायव्हर. आयत्या बिळावर नागोबा, असं न्हावी भिंतीला सांगत बसला.

एका दुपारी बायको औषध आणायला खाली गेली होती. दार ढकलून ड्रायव्हर आत आला, ना झगा ना मोजे.

"पाटी वाचली नाहीस?"

"जन्मभर पाट्या मागं टाकल्या, आता कुठं थांबू," म्हणत तो खुर्चीत बसला. गालावर ओरखडे. "तू गेलास नि दाढीनं जीव खाल्ला बघ. फिरव एकदा मशीन. उद्या-परवा बोलावणं आलं तर असल्या थोबाडानं जाऊ का? आणि माझ्यामागं तुझाच नंबर आहे, काळजी करू नको."

ते शेवटचं वाक्य न्हाव्याला चटका देऊन गेलं. याच्यामागं. त्यानं मशीन काढलं, चालू केलं. एकदा गालावरून हात फिरला की संपलं. दोघं पुन्हा सारखे. कुणी विचारलं तर ड्रायव्हर आपल्या पायानं आला होता.

ड्रायव्हरनं मान मागं टाकली, डोळे मिटले आणि गळा वर केला.

मशीन गुरगुरत राहिलं. या खुर्चीत नसले तरी असे कितीतरी गळे न्हाव्यानं पाहिले होते. उधारी बुडवणाऱ्यांचे, भांडकुदळांचे, पोलिसांचेही. मान टाकून बसला की तो गिऱ्हाईक. त्यानं मशीन बंद केलं.

"ऊठ."

"का रे?"

जंतूंचं नाव काढावं, तर हा म्हणणार, जंतूबिंतू काही नसतं, फिरव तू. आणि दुसऱ्यांदा नाही म्हणण्याची ताकद आपल्यात नाही, हे न्हाव्याला पक्कं ठाऊक होतं.

"तुझी दाढी मी करायचा नाही. नवं लिव्हर येतंय ना, त्याला सांग करायला."

ड्रायव्हर खुर्चीतून उठला. "जळतोस तू माझ्यावर."

"जळतो. जाताना दार लाव, आणि साबणानं हात धू."

ड्रायव्हरनं दार आपटलं. हात धुतले की नाही कोण जाणे. पण त्याची पुढची तपासणी स्वच्छ आली, आणि आठवडाभरात त्याच्यासाठी लिव्हरही आलं. दुपारी त्याची ढकलगाडी न्हाव्याच्या दारावरून गेली. दाराच्या काचेला नाक लावून न्हावी उभा. ड्रायव्हरनं मान वळवून घेतली.

गाडी लिफ्टमध्ये गेली तरी न्हावी हलेना. बायकोला वाटलं, आता हा कोसळतोय. तिनं मोजा घातलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याची स्वतःची तपासणी अजून खराबच येत होती.

"कुणी केली त्याची दाढी?" न्हाव्यानं विचारलं.

"इथलाच कुणीतरी माणूस असेल."

"कानाखाली पट्टा राहिलाय. हनुवटीला उलटं मशीन फिरवलंय. माझ्या गिऱ्हाइकाला हात कुणी लावला?"

"आता त्यावर जळा," बायको म्हणाली.

"जळणारच," न्हावी म्हणाला, आणि सलाइनचा खांब ढकलत खाटेकडं वळला.