भांडून नाही, सायकलवर आले

माझ्या हनुवटीवर दोन टाक्यांची खूण आहे. दहा वर्षांची असताना दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भलीमोठी काळी सायकल मी गुपचूप बाहेर काढली, दांडीखालून पाय घालून कैची मारत गावच्या उतारावरून निघाले आणि थेट नालीत गेले. दादा तेव्हा कन्नडला साखर कारखान्यात कामाला होते, रोज सायकलवरच ये-जा करायचे. त्यांनी मला टाके घालून आणलं आणि त्या दिवसापासून सायकलला साखळी-कुलूप लावलं. "पोरीच्या तोंडाला खूण राहिली, आता कोण करंल हिला?" म्हणाले. विषय संपला.

पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाला मात्र त्यांनी स्वतः सायकल शिकवली. मागून धरून पळायचे, "धरलंय, धरलंय!" ओरडायचे, आणि हात केव्हाच सोडून लांब उभे राहिलेले असायचे. मी ओट्यावर बसून हे बघायचे. वरून हसायचे, आतून जळून खाक व्हायचे.

खूण राहिली, लग्नही झालं, शहरात आले, शाळेत गणित शिकवता शिकवता पन्नाशी उलटली. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. मनात म्हटलं, हे चाळीस वर्षं उशिरा सांगताय हो! सोसायटीतली एक मैत्रीण रोज पहाटे सायकल चालवायची, तिनं शिकवायचं कबूल केलं. पण तिची अट होती. "मी मागं धरणार नाही. माझी कंबर जाते. पड आणि शीक." पडले आणि शिकले. पहिल्या महिन्यात ओढणी दोनदा चेनमध्ये गेली, तेव्हा गुलमंडीच्या बाजारात जाऊन दोन ट्रॅक पँटी घेतल्या. दुकानदारानं विचारलं, मुलाचं माप काय? म्हटलं, मुलाच्या आईचं घ्या.

सायकल गियरची होती आणि गियर म्हणजे मला पहिले सहा महिने कोडंच. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी डोक्यावर हात मारून घेतला. "बाजी, चढान आने के पैलेच गियर हल्का करना. चढान पे करे तो चेन उतरतीच." गणिताच्या बाईला एवढं साधं कळू नये म्हणजे काय! त्यानंतर चेन उतरणं थांबलं आणि माझं धाडस वाढलं. दौलताबादपर्यंत जाऊ लागले, मग घाट चढून वेरूळपर्यंत. आणि एक दिवस डोक्यात आलंच: माहेरी जायचं. कन्नडच्या अलीकडं आमचं गाव, जवळपास पन्नास किलोमीटर. गाडीत बसून नाही, सायकलवरून, स्वतःच्या पायांनी. दादा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. त्यांच्या दारात मला चाकावर बसून शिरायचं होतं. त्यांनी बघायला हवं होतं, बस्स.

आमच्या ह्यांना आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "जा, पण मला उठवू नको, रविवार आहे." घरी फोन केला नाही, अचानक पोचून चकित करायचं होतं. ही माझी चूक, आणि ती केवढी मोठी होती ते पुढं कळलं.

फटफटताना निघाले. पाठीवर पिशवी, तिच्यात एक ड्रेस, शेंगदाण्याची चटणी, पोळ्या आणि पंक्चरचं सामान. दौलताबादच्या घाटात अर्ध्यात उतरून ढकलली, खोटं कशाला बोलू. वेरूळला चहाला थांबले तर हॉटेलवाला विचारतो, "बाई, स्कूटी बंद पडली का?" म्हटलं, नाही, सायकलच आहे. त्यानं दया येऊन चहात आलं जास्त घातलं. पुरुषांना अख्खा रस्ता मोकळा, बाईमाणसानं मात्र पाणी प्यावं तरी हिशोबानं प्यावं. वेरूळच्या पुढं समोरून वारं सुरू झालं आणि सीटनं आपलं खरं रूप दाखवलं. बसवेना आणि उठवेना. ट्रकवाले मागून असा हॉर्न मारायचे की जीव घशात यायचा.

तेवढ्यात एक काळीपिवळी जीप पुढं जाऊन करकचून थांबली. खिडकीतून आमच्या भावकीतल्या एका काकांचं डोकं बाहेर आलं.

"अगं, तू? एकटीच? जावईबापू कुठंत?"

"घरी झोपलेत."

"आन् तू पिशवी घेऊन सायकलवर? काय झालं काय?"

"काही नाही काका, हौसेनं चाललेय."

"हौसेनं," काका म्हणाले, आणि जीपमधले दहा-बारा जण माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की मलाच माझी कीव आली. काका म्हणाले, बस जीपमध्ये, सायकल टाकू टपावर. मी नको म्हटलं. जीप धुरळा उडवत गेली.

आता आमच्या गावात एक गोष्ट पक्की आहे. सण नाही, लग्न नाही, बारसं नाही, आणि लेक पिशवी घेऊन एकटीच माहेरी आली, तर ती भांडूनच आलेली असते. त्यात सायकलवर आली म्हणजे नवऱ्यानं भाड्यालाही पैसे दिले नाहीत! अर्ध्या तासात फोन वाजायला लागला. पहिला भावाचा. "ताई, हायस तिथंच थांब. काय झालं आसंल ते बसून मिटवू." मी सांगितलं, काही झालेलं नाही. तो म्हणाला, "रडू नको." मी रडत नव्हते, वाऱ्यानं नाक गळत होतं! दुसरा फोन ह्यांचा. "अगं बाई, मी केलंय तरी काय? तुझ्या आईचा फोन आला, ती रडतीय. तुझे काका म्हणतायत, माणूस म्हणून शोभतं का तुम्हाला. मी अजून दातही घासले नाहीत!" मला इतकं हसू आलं की सायकल रस्त्याच्या कडेला घेऊन उतरावंच लागलं.

पण हसू फाट्यापर्यंतच टिकलं. फाट्यावरून आमचं गाव दीड किलोमीटर आत, दोन्ही बाजूंनी बाभळी. अर्धा किलोमीटर गेले नाही तोच मागचं चाक फुस्स करून बसलं. काटा! मी मोठ्या ऐटीत पंक्चरचं सामान काढलं. सोल्यूशनची ट्यूब दोन वर्षांपूर्वी घेतलेली, एकदाही उघडली नव्हती. आत दगड झाला होता. माझ्यासारखी शहाणी मीच. पन्नास किलोमीटर येऊन दारात ढकलत जायचं? ज्या माणसासाठी आले, त्यानंच मला असं पायी बघायचं? आता मात्र मला खरंच रडू यायला लागलं.

आणि नेमकी तेव्हाच समोरून भावाची बोलेरो आली. भाऊ उडी मारून उतरला. "टाक गाडीत. आधी घरी चल, मग बोलू." त्यानं हँडलला हात घातला, मी ओढून धरलं. आमची ओढाताण चालू असताना पलीकडच्या दारातून काठी टेकत दादा उतरले. हातात एक जुना पत्र्याचा डबा होता. माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"भांडून आलीस का?"

"नाय, दादा."

"मग?"

"सायकल चालवीत आले. तुम्हाला दाखवायला."

दादांनी खाली वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. मग रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि डबा उघडला. आत सोल्यूशन, रबराचे तुकडे, कानस, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, हे कशाला आणलं? "आई तुझी रडायला बसली. जीपवाले मला म्हणले, पोरगी सायकलवर येतीया. म्हणलं, वाटंनं बाभळी हायेत, डबा घ्यावा."

सोल्यूशन ताजं होतं. नातीच्या, म्हणजे भावाच्या लेकीच्या, सायकलसाठी आणून ठेवलेलं. म्हणजे नातीला चालते, तेवढी मलाच चालत नव्हती! मी तसं तोंडावर बोललेच. दादा ट्यूबला थुंकी लावून बुडबुडा शोधत होते. वर न बघता म्हणाले, "तुला तवा लई लागलं हुतं गं. मी घाबरलो हुतो."

चाळीस वर्षं मी त्यांना कडक समजत होते. माझ्या मनात आलंच नव्हतं की दादा घाबरूही शकतात.

चकती बसली. माझा छोटा पंप बघून "ही काय पिचकारी हाय?" म्हणाले, तरी त्यानंच हवा भरली. भाऊ म्हणाला, आता तरी गाडीत टाकू, ती दमलीय. दादांनी काठी त्याच्या हातात दिली. "व्हय बाजूला. बस गं तू."

मी बसले. बघते तर त्यांनी मागून सीट धरली होती. पन्नास किलोमीटर मी एकटीनं, कुणी न धरता आले होते. ते मी सांगितलं नाही. पाय मारायला लागले, त्यांचे पाय मागं फरफटत पळायला लागले.

"पुढं बघ. मागं बघू नको."

"धरलंय ना, दादा?"

"धरलंय, धरलंय!"

गावची कमान दिसायला लागली. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी असणार. वारं आता पाठीमागनं होतं आणि सायकल अशी हलकी चालली होती, जशी सकाळपासून एकदाही चालली नव्हती.

"सोडू नका हो, दादा!" मी ओरडले.

"धरलंय!" ते म्हणाले. आवाज लई लांबून आला. मी मागं बघितलं नाही.