लेकीची मान

दर रविवारी सकाळी लेकीला न्हाऊ घालताना मी तिची मान घासून काढायचे. मानेच्या मागच्या बाजूला एक काळपट पट्टा आला होता. आधी साबण लावून पाहिला, मग डाळीचं पीठ, मग लिंबाची फोड, आणि शेवटी टाचा घासायची वजरी. ती कळवळायची. "मम्मी, आग होतीय," म्हणायची. मी म्हणायचे, "दहा वर्षांची घोडी झालीस, स्वतःची मान धुता येत नाही तुला?" पट्टा काही जात नव्हता. उलट तो रुंद होत चालला होता.

मी अंगणवाडी सेविका आहे. चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी सहा वर्षांखालची लेकरं माझ्याकडं येतात. मी त्यांना काट्यावर उभं करते, उंची मोजते आणि सगळं मोबाइलमध्ये भरते. भरलं की रंग दिसतो. हिरवा असला की सुटले, लाल दिसला की धावपळ. लाल लेकराच्या घरी जावं लागतं, वरून फोन येतो, बैठकीत उभं करतात. जास्त वजनाचीही नोंद त्यात होते, पण तिच्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नाही. त्यामुळं माझी नजर कायम एकाच बाजूला, कोणतं लेकरू वाळतंय.

आणि माझी स्वतःची लेक वाळलेलीच जन्मली होती. आठव्या महिन्यातली. माझं माहेर अंबाजोगाईकडचं, तिथल्या सरकारी दवाखान्यात ती कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी होती. नर्सबाई दिवसातून एकदा तिचं वजन करायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहायचे. वीस ग्रॅम वाढलं की त्या दिवशी मला जेवण जायचं. घरी आणल्यावर मी तिला भरवतच राहिले. केळं, तूप, दुधात कालवलेली बिस्किटं. तिचे गाल वर आले त्या दिवशी मी देवीला नारळ फोडून आले. पुढं ती शाळेत जायला लागली तरी माझा हात काही थांबला नाही. ताट रिकामं झालं की मी वाढायचेच. तिनं "बास" म्हटलं तर मला धस्स व्हायचं.

त्यात माझ्या मालकांचं, म्हणजे तिच्या पप्पांचं, शाळेजवळ किराणा दुकान. समोर वेफरच्या रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या, आत गार पेयांचा फ्रिज. लेक शाळेतून सुटली की दुकानात बसायची, मोबाइल बघत एक पाकीट फोडायची, मग दुसरं. मी कधी कुरकुर केली तर मालक म्हणायचे, "ल्हानपणी मी दुकानापुढं उभा राहून दुसऱ्याच्या हातातली बिस्किटं बघायचो. माझी लेक मालकीण हाय. तिला न्हाई म्हणू व्हय?" हे ऐकलं की मी पिशवी उचलून घरी निघायचे. 

मग शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. मदतीला म्हणून मीही गेले होते. मुलींची रांग लावून एकेकीला काट्यावर चढवायला लागले. माझी लेक चढली तेव्हा मागून दोघीतिघी हसल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, कामाच्या गडबडीत होत्या. त्यांनी आकडा पाहिला, लेकीची मान वळवून पाहिली आणि विचारलं, "हिची आई आली आहे का?"

"मीच," मी म्हटलं.

"काय करता तुम्ही?"

"अंगणवाडी सेविका."

 त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर लोकांना सांगता. स्वतःच्या मुलीकडं लक्ष नाही का तुमचं?"

हे वाक्य माझंच होतं. महिनाभरापूर्वी मी ते एका मेंढपाळाच्या बायकोला ऐकवलं होतं. तिचा धाकटा लाल रंगात गेला होता, आणि मी चार बायांसमोर तिला म्हटलं होतं, "लेकराकडं लक्ष नाही का तुमचं?"  ती पदर ओढून, लेकराला उचलून निघून गेली होती. शाळेच्या त्या व्हरांड्यात मला तिची पाठ आठवली.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून. बीड जवळ होतं, पण मी अंबाजोगाईलाच गेले. जिथं ती वाचली तिथंच दाखवावं, असं मनानं घेतलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. मी आपणहून म्हटलं, "साहेब, मान काळी दिसते ती मळानं नाही हं. मी दर रविवारी घासते."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "घासता? कशानं?"

मी सांगितलं.

"घासू नका आता," ते हळू आवाजात म्हणाले. "तो मळ नाहीच. वजन वाढलं की शरीरात इन्सुलिन वाढतं, त्यानं कातडी अशी काळवंडते. साखर अजून झालेली नाही. वेळेत आलात. वजन आटोक्यात राहिलं की तो डाग आपसूक फिका होईल."

लेक शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, फक्त हात मागं नेऊन मानेवर ठेवला. मला तिथंच रडू आलं. डॉक्टर म्हणाले, "रडू नका. उपाशी ठेवायचं नाही, घरचं सगळं खाऊ द्या. भाकरी, डाळ, भाजी, ताक. पाकिटं आणि गार बाटल्या बंद. आणि रोज तासभर खेळू द्या. मैदान आहे ना गावात?"

"होतं," मी म्हटलं.

शाळेचं मैदान दोन वर्षांपासून पाणीयोजनेच्या पाइपांनी भरलं होतं. उरलेल्या जागेत खडीचा ढीग. योजना कुठं अडली होती ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. शाळा सुटली की फाटकाला कुलूप. आमचं घर हायवेच्या पलीकडं, आणि रस्ता चौपदरी झाल्यापासून तो लेकरांना एकट्यानं ओलांडू देणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मालक तिला गाडीवरून सोडायचे आणि गाडीवरून आणायचे. दिवसभरात ती चालायची ती घरातून अंगणापर्यंत.

घरी आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "दुकानातली पाकिटं काढा."

"मी काढली तर पलीकडचा इकंल. शाळेच्या दारात ही इकू द्यायचीच कावून? सरकारला डोळे न्हाईत का?"

"सरकारचं सरकार बघंल. आपल्या लेकीच्या हातात पाकीट कोण देतंय?"

 मालक म्हणाले, "आन् ताटात तिसरी भाकर कोण टाकतं?"

ते खरंच होतं. आम्ही दोघंही तिला जीव लावत होतो, आणि दोघांनी मिळून तिला इथवर आणलं होतं. त्या दिवशी आम्ही खूप भांडलो. एकमेकांच्या आईबापांपर्यंत गेलो. लेक आतल्या खोलीत होती, आणि ती सगळं ऐकत असेल, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी माळा काढून मागच्या फळीवर टाकल्या. मीही ताटात मोजून वाढायला लागले. लेक गुपचूप जेवायची, मागत नव्हती. मला वाटलं, शहाणी आहे पोर, समजून घेतलं. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली होती.

मी धावत गेले. कार्यालयातल्या बाकावर ती झोपली होती, ओठ सुकलेले. तिची मैत्रीण म्हणाली, "काकू, ही डबा आम्हालाच देती रोज. खिचडी बी खात न्हाई." सकाळचं दूध ती मोरीत ओतायची, हे नंतर कळलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "असं कावून केलंस गं?"

ती म्हणाली, "मी बारीक झाले की तू आन् पप्पा भांडणार न्हाईत. आन् मान बी घासणार न्हाईस."

मी इतक्या वर्षांत किती आयांना किती काय काय समजावलं असेल.  त्या दिवशी मात्र तिच्या मानेवर, जिथं मी वजरी फिरवली होती तिथं, मी फक्त हात ठेवून बसले. घरी आल्यावर आम्ही दोघांनी तिला समोर बसवून सांगितलं, चूक तुझी नव्हती, आमची होती. मालकांना हे बोलायला लई जड गेलं, पण ते बोलले. त्या दिवसापासून घरात तिच्या वजनाचा शब्द तिच्यासमोर काढायचा नाही असं ठरलं, आणि तिघांनी एकसारखंच जेवायचं.

त्या आठवड्यात मी मेंढपाळाच्या वस्तीवर गेले. गृहभेट करायचीच होती, पण मी कागद बाहेर काढले नाहीत. ती बाई चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी चारचौघींत तुमाला बोलले. चुकलं माझं."

ती गोंधळली. "आवं ताई, तुमचं कामच हाय ते."

"काम होतं, पण तसं बोलायचं काम नव्हतं."

मग मी तिला माझ्या लेकीचं सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. कदाचित गावात तेवढी एकच बाई असेल जिला ते सांगता आलं असतं. तिनं चहा पुढं केला आणि म्हणाली, "आमी दिसभर मेंढरामागं. ल्हानग्याला पोरीपाशी ठेवून जातो. ती बी सात वर्साची. ती त्याला काय भरवंल? लक्ष हाय ताई, पर हात पुरत न्हाईत." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमची लेक आयतवारी पाठवा माझ्यासंग. माळावर फिरंल. तिला कुणी हसणारं न्हाई तिथं. मेंढरं कुणाला जाडं म्हनत्यात व्हय?"

पहिल्या रविवारी लेक दुपारीच दमून परत आली, पायात काटा मोडलेला. मला वाटलं, आता जाणार नाही. पुढच्या रविवारी माझ्याआधी उठून बूट घालून बसली. एका कोकराला तिनं नाव ठेवलं होतं आणि ते तिच्या मागं मागं येतं म्हणून सांगायची. मी त्या बाईच्या धाकट्याला रोज सकाळी लवकर केंद्रात आणायची व्यवस्था केली, म्हणजे त्याला दोन वेळचं नीट मिळेल. हे नियमात बसतं का, ते मी कोणाला विचारलं नाही.

राहिलं मैदान. ग्रामसभेला मी अर्ज घेऊन गेले. पाइप हलवा, खडी उचला, संध्याकाळी फाटक उघडं ठेवा, आणि हायवे ओलांडायला काहीतरी सोय करा म्हणून वर पत्र लिहा. सरपंच म्हणाले, "बाई, तुमचं खातं कुपोषणाचं. हे मधीच कुठून आलं?" मागून कोणीतरी म्हणालं, "आधी घरातल्या डब्यांना कुलूप लावा की!" बरेच जण हसले. मी अर्ज सरपंचांपुढं तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात माझे मालक उठले. ग्रामसभेत ते शेवटच्या ओळीत बसतात आणि कधी तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "कुलूप लावलंय. माझ्या लेकीनं माझ्याच दुकानातलं खाल्लं. मी दिलं म्हणून खाल्लं. चूक माझी हाय, मी सगळ्यांसमोर कबूल करायलोय. पर पाइप मी टाकले न्हाईत. रस्ता मी केला न्हाई. माझं मी निस्तरतो, तुमचं तुमी निस्तरा की."

 मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझा नातू बी दिसभर मोबाइलवरच हाय." आणखी एक बाई उठली. सरपंचांनी अर्ज घेतला.

लगेच काही झालं नाही. दोन महिने मी आणि मालक आलटूनपालटून ग्रामपंचायतीत जात राहिलो. शेवटी एक जेसीबी आला आणि पाइप कुंपणाच्या कडेला रचले गेले. खडी अजून तिथंच आहे, लेकरं तिला वळसा घालून पळतात. फाटकाची किल्ली आता मुख्याध्यापकांकडं असते आणि ते संध्याकाळी फाटक उघडं ठेवतात. हायवेच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही, म्हणून संध्याकाळी सहाला आम्ही दोघीतिघी आया मिळून लेकरांना रस्ता ओलांडून आणतो. मालकांच्या दुकानात पाकिटं अजून विकली जातात, मी खोटं सांगत नाही. पण ती मागच्या फळीवरच असतात, आणि पुढं भाजलेले शेंगदाणे नि फुटाणे असतात. लोक आधी तेच बघतात, कधी घेतात, कधी नाही.

लेक बारीक झालेली नाही. ती उंच झाली आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं पुरे, वजन थांबलं आणि उंची वाढली की जमलं म्हणायचं.

परवा संध्याकाळी ती मैदानावरून आली ती पाय आपटतच. गुडघा सोललेला, केस विस्कटलेले, धुळीनं माखलेली. मला वाटलं, पुन्हा कोणी काहीतरी बोललं.  "काय झालं?" मी विचारलं.

"ती खोटी खेळती!" ती ओरडली. "मी तिला लंगडीत शिवलं होतं. पक्कं शिवलं होतं. तरी न्हाई म्हणती!"

मालक दारातून म्हणाले, "मग सोडलीस व्हय तिला?"

"सोडते का मी? उद्या बघते तिच्याकडं," असं म्हणून ती हातपाय धुवायला गेली.