उत्तर खाली लिहा

हळदवाडीच्या शाळेत शिवकांताबाई अकरा वर्षांपासून चौथीला शिकवत होत्या. आवाज असा, की बाई पाढे सांगायला लागल्या की पारापाशी बांधलेली म्हैस रवंथ थांबवायची. माहेर भालकीकडचं, कानडी, सासर उदगीरचं. नवरा मन्मथअप्पा, त्यांचं उदगिरात भांड्यांचं दुकान. बाई सकाळच्या यष्टीनं यायच्या, संध्याकाळच्या यष्टीनं जायच्या. हातात वायरची पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्याच्या वरच्या पुड्यात भाजीऐवजी खडू. काहीही समजावून झालं की त्या विचारायच्या, "हौदा?" कानडीत म्हणजे 'होय ना?' पोरं एका सुरात ओरडायची, "हौदु!" समजलेलं असो की नसो.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पाठोपाठच्या हिवाळ्याची ही गोष्ट. शाळेत पेढे वाटून झाले, पण पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकात उस्मानाबादच राहिलं होतं. गावात अमृतराव म्हणून एक होते. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, आता पारावर बसून सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे. ते म्हणायचे, "म्या जन्मलो तवा आपला जिल्हा बीदर. मग झाला उस्मानाबाद. आता लातूर. गाव जाग्यावर हाय बाबा, जिल्हाच फिरून राहिला!"

पाऊस मात्र कोणत्याच जिल्ह्याचा उरला नव्हता. सलग दुसरं साल कोरडं. आडात दोर सोडला तर नुसता दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. उदगीरहून टँकर यायचा तो अकराला, म्हणजे नेमका गणिताच्या तासाला. त्यासाठी पहाटेपासून पारापासून शाळेपर्यंत घागरींची रांग लागायची. तांब्याच्या, पितळेच्या, आणि आता नव्यानं निघालेल्या प्लास्टिकच्या. मन्मथअप्पांचं दुकान त्या साली असं चाललं की ते बायकोला म्हणायचे, "देवानं पाऊस नेला, पण गिऱ्हाईक धाडलं." बाई म्हणायच्या, "तोंड धुवा आधी. धुवायला पाणी असलं तर."

या रांगेपायी वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी गणिताच्या तासाला कधी नसायचीच. ती सिंधु, शेषेरावांची. मायबाप दोघं रोजगार हमीच्या खडीवर, म्हणून रांगेत उभं राहायचं काम तिच्याकडं.

एका रविवारी बाई मुद्दाम यष्टीनं येऊन शेषेरावांच्या दारात जाऊन बसल्या.

"शेषेराव, फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा हाय. सिंधुला बसवायचं."

"बसवा की. पोरगी हुशार हाय हे मला बी ठाव हाय. टाळकं माझ्यावर गेलंय तिचं."

"मग कान तिच्या मायवर गेले असतील. ती ऐकते तरी."

आतून सिंधुच्या आईचं हसू आलं.

"बाई, गावात शाळा चौथीपस्तोर. उदगिरात माझी भन हाय, तिच्याकडं पोरगी ठिवता येईल. पन मंग टँकरापुढं कोन उभारंल? एक करू. शिष्यवृत्तीत तिचा नंबर लागला, तर म्या सोता तिला पाचवीला नेऊन सोडतो. पान्याचं माझं मी बगतो. न्हाई लागला, तर ती अन तिची घागर."

"शब्द?"

"शेषेरावाचा शब्द."

"कागदावर घ्या बाई," आतून आवाज आला.

बाईंनी शब्द घेतला खरा, पण परतीच्या यष्टीत त्या मागची सालं आठवायला लागल्या. अकरा वर्षांत हळदवाडीच्या एकाही पोराचा शिष्यवृत्तीत नंबर लागला नव्हता. पोरं ढ नव्हती. वर्गात विचारलं की पटापटा सांगायची. परीक्षेला गेली की काय व्हायचं, कोण जाणे.

ते कळलं दुसऱ्याच आठवड्यात. त्या दिवशी टँकरचं चाक पंक्चर झालं होतं, म्हणून सिंधु वर्गात होती. बाईंनी पुण्याला छापलेल्या सरावाच्या प्रश्नपत्रिका आणल्या होत्या. सात पोरं, सात कागद, दहा प्रश्न. एरवी प्रश्न बाईच वाचून दाखवायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "आज मी तोंड उघडणार नाही. तिथं कोण वाचून दाखवणार हाय तुम्हाला? आपलं आपण वाचा."

तासाभरानं कागद गोळा केले. पहिला प्रश्न: एका डझनात किती केळी असतात? उत्तर खाली लिहा. ग्यानोबाच्या पोरानं लिहिलं होतं: 'खाली'. दुसरा प्रश्न: आठवड्याचा चौथा वार कोणता? उत्तर खाली लिहा. 'खाली'. तिसरा, चौथा, दहावा... सगळीकडं 'खाली'. असं एकूण पाच जणांचं. दोघांनी काहीच लिहिलं नव्हतं. सिंधुनं तर प्रत्येक 'खाली'वर पट्टीनं रेघ ओढली होती, एकसारखी, सुंदर.

"काय गं हे? डझनात केळी किती?"

"बारा, बाई."

"मग इथं खाली कामून लिहिलंस?"

"कागदच म्हनतोय की. 'उत्तर खाली लिहा.' मग लिव्हलं, खाली."

"मला बी नवल वाटलं," ग्यानोबाचं पोरगं म्हणालं, "पुन्याला केळी बी खाली झाली का काय म्हनून."

"अन तुम्ही दोघांनी कोरा का ठेवला?"

"आमी जागा खाली ठिवली, बाई."

आमच्याकडं खाली म्हणजे रिकामं. घागर खाली, आड खाली, यष्टी खाली. वरच्या उलट जे असतं, त्याला आम्ही खालती म्हणतो. पोरांनी पुण्याचा हुकूम अगदी शब्दशः पाळला होता.

बाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडाला लावला, टेबलाला धरून वाकल्या. पोरं आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. डोळे पुसताना मात्र बाईंच्या ध्यानात आलं. अकरा वर्षं प्रत्येक प्रश्न आपण वाचला, आपल्या बोलीत फोडला, आणि घास चावून पोरांच्या तोंडात दिला. तिथं तो कागद एकटाच बोलतो. आणि बोलतो ते पुण्याचं.

"चूक तुमची नाही रे," त्या म्हणाल्या. "माझी हाय. उद्यापासून शाळा रांगेत."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाई सातही पोरांना घेऊन घागरींच्या रांगेत हजर. खांद्याला फळा, हातात खडू. रांगेतल्या बायका बघतच राहिल्या.

"मास्तरीनबाई, शाळंतलं पानी बी सरलं का?" हे केवळाबाईंनी विचारलं. केवळाबाई साठीच्या. त्यांची घागर सकाळी सगळ्यात मागं असायची आणि टँकर येईपर्यंत कशी कोण जाणे पाचवी झालेली असायची.

"केवळाबाई, तुमच्यासाठी पण शाळा हाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कायदा सांगितला. या रांगेत रिकाम्याला 'खाली' म्हणायचं नाही. रिकामं म्हणायचं. खाली म्हणजे खालती. जो चुकंल, त्याची घागर सगळ्यात मागं. पोर असो की म्हातारं.

"हौदा?"

"हौदु!"

"ह्ये काय नवीनच," केवळाबाई म्हणाल्या. "घागर खाली असली तर तिला खाली न्हाई म्हनावं तर काय..."

"मागं! मागं!" सात पोरं एकदम ओरडली.

केवळाबाईंची घागर अठराव्या नंबरावर गेली. अख्ख्या रांगेला असा आनंद झाला की पाणी न येताच गार वाटलं.

त्या दिवसापासून गावाला नाद लागला. बाया एकमेकींना बोलण्यात अडकवायला बघायच्या. "काय गं, हंडा कसा हाय तुजा?" ती पण हुशार, "रि-का-मा!" केवळाबाई चार वेळा मागं गेल्या, पण पाचव्यांदा डोळे मिचकावून म्हणाल्या, "माजी घागर रिकामी हाय, अन म्या ती खाली ठिवलीय. लिव्हा तुमच्या कागदावर!" बाईंनी त्यांना शाबासकीचा खडू दिला. तो त्यांनी देवळीत ठेवला.

रांगेतच बाई गणितं घालायच्या. "सिंधुची घागर पुढून बारावी, मागून सातवी. तर रांगेत घागरी किती?"

"एकोनीस."

"बारा आन सात एकोणीस. पण तुझी घागर दोन्हीकडून मोजली. एक वजा कर."

"म्हंजे अठरा. पन बाई, एकोनीसच बराबर हाय." सिंधुनं हळूच डाव्या बाजूला बोट केलं. "मोजूस्तोर केवळाबाईची घुसती."

"पुण्याच्या रांगेत केवळाबाई नसते गं अव्वा."

"मंग तिथं पानी कसं भेटतंय लोकांना?"

टँकर आला की फळा पुसायचा आणि घागरी उचलायच्या. शेषेराव एक-दोनदा कामावर जाताना थांबून बघून गेले.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. केंद्र उदगीरला. बाईंनी सातही पोरांना मन्मथअप्पांच्या दुकानात बसवून धपाटे खाऊ घातले आणि केंद्राच्या फाटकात सोडलं. पोरं बाहेर आली ती उड्या मारत. सिंधुचं तोंड मात्र उतरलेलं.

"काय झालं गं?"

"बाई, शेवटाला हौदाचं गणित आलं. हौदात चाळीस घागरी पानी, रोज आठ काढल्या, तर पाच दिसांनी किती उरंल."

"मग? आठा पाचे चाळीस."

"उरलं काय मंग? खाली!" सिंधुनं घाईनं तोंडावर हात धरला. "अन खालती लिव्हलंय, 'उत्तर खाली लिहा.' मला काय कळंना. पुन्याच्या लोकांनी आपला शब्द घेतला, का आपली मजा करूलालेत?"

"मग लिहिलंस काय?"

"'हौद रिकामा' म्हनून लिव्हलं. बाजूला एक शून्य बी काढलं. त्यांना जे आवडंल ते घेतील."

बाईंनी तिथंच, फाटकात, सगळ्यांसमोर तिच्या कानशिलावरून बोटं मोडली.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात पेपरात आला. शाळेला सुट्टी होती, बाई उदगीरला. पेपर हळदवाडीत अमृतरावांच्या हातात. त्यांनी चष्मा पुसला, सिंधुचा नंबर तिच्याकडून दोनदा वदवून घेतला आणि बारीक अक्षरावरून बोट फिरवलं. पारावर माणूस मावत नव्हतं. बोट शेवटपर्यंत गेलं, परत वर आलं.

"इम्तेहान मुश्किल असतंय बाबा," अमृतराव म्हणाले. "न्हाई. आपल्या जिल्ह्यात न्हाई नंबर."

केवळाबाई पुटपुटल्या, "पुन्याचे मेले." शेषेरावांनी सिंधुच्या डोक्यावर हात ठेवला. "मला बी वाटलं व्हतं, लागंल," ते म्हणाले. सिंधु घरात गेली, घागर घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं बाई उतरल्या, सुट्टी असून. हातात पेढ्यांचा पुडा. रांग आश्चर्यानं वळून बघायला लागली.

"मास्तरीनबाई," केवळाबाई म्हणाल्या, "नापासाचे पेढे वाटायची रीत हाय व्हय तुमच्यात?"

"नापास कोण म्हणालं?"

सगळ्यांनी अमृतरावांकडं बघितलं. अमृतराव पेपर घेऊन पुढं आले. "बाई, म्या येक येक नंबर बघितलाय. दोनदा."

"कुठं बघितलात?"

"हितं. आपल्या जिल्ह्यात." त्यांचं बोट जाड अक्षरावर टेकलं होतं: उस्मानाबाद.

"अमृतराव, आपला जिल्हा कोणता?"

"उस्माना..." अमृतराव थबकले. त्यांनी पान उलटलं. पाठीमागं, पान भरून, नवंकोरं: लातूर. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. सिंधुचा नंबर. त्याच्या खालच्या ओळीत ग्यानोबाच्या पोराचा.

"अरे अल्ला!" अमृतराव कपाळाला हात लावून पारावरच बसले. "म्हनलं नव्हतं म्या, जिल्हाच फिरतोय?"

मग जो गलका झाला, त्यात कोणाच्या घागरी कुठं गेल्या पत्ता लागला नाही. सिंधु रडायला लागली, तिला बघून तिची आई, आणि केवळाबाई रडता रडता दोन पेढे जास्तीचे घेऊन गेल्या. बाईंनी शेषेरावांना गाठलं.

"शब्द दिला होता. हौदा?"

शेषेरावांनी फेटा सारखा केला. "हौदु, बाई. हौदु."

शाळा उघडायच्या दिवशी ते सिंधुला घेऊन पहिल्या यष्टीनं उदगीरला गेले. बहिणीकडं तिची ट्रंक ठेवली, पाचवीत नाव घातलं, आणि दहाच्या यष्टीनं परत आले, कारण अकराला टँकर. हमीचं काम त्या दिवशी बुडालं. सिंधुची घागर उचलून रांगेत उभे राहिले. उभ्या जन्मात बाप्या माणूस त्या रांगेत कोणी बघितला नव्हता. बाया पदराआडून हसत होत्या.

"काय शेषेराव," केवळाबाईंनी विचारलं, अगदी मायेनं, "पोरीला सोडून आलाव. कसं वाटतंय?"

"काय सांगू केवळाबाई," शेषेराव म्हणाले. "घर कसं खाली खाली..."

"मागं!" केवळाबाई ओरडल्या. "शेषेराव, मागं!"

शेषेराव घागर उचलून मागं गेले. अठरावा नंबर.